पोरांना ‘कसं?’ हवं असतं

मुलांसाठी लिहिलेली तुझी गोष्ट वाचली गं. “ताई, दोन शब्द सांग” म्हणालीस, पण दोन शब्दांत माझं भागत नाही, ठाऊक आहे ना तुला!

फिरंगोजी नरसाळ्यांची गोष्ट झकास सुरू होते. मग दुसऱ्याच परिच्छेदात ते ‘अतुलनीय पराक्रमी’ होतात आणि तिथून पुढे माणूस दिसेनासा होतो. अगं, पोरांना पराक्रमाचं सर्टिफिकेट नको असतं, त्यांना ‘कसं?’ हवं असतं. चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट, फिरंगोजी त्याचे किल्लेदार. ना कडा, ना दरी. १६६० च्या ऐन पावसाळ्यात शाएस्तेखानाच्या एवढ्या मोठ्या फौजेपुढे तो पन्नासहून जास्त दिवस राखला कसा? खंदकाचा उपयोग किती झाला? भर पावसात बंदुकीची दारू कोरडी कुठे ठेवली असेल? शेवटी मोगलांनी बुरुजाखाली सुरुंग लावून तो उडवला आणि किल्ला गेला. हे तू एका ओळीत उरकलंस. का गं? आंतरशालेय कबड्डीत हरून आलेल्या पोराला हीच गोष्ट सगळ्यात जवळची वाटेल. झुंजून हरणं म्हणजे काय, ते त्याला चांगलं कळतं.

खेळावर लिहायचंय म्हणतेस, तर मुरलीकांत पेटकरांपासून सुरुवात कर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग लुळं पडलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पुढे त्यांनी टेल्कोत नोकरी केली, म्हणजे आपल्याच पट्ट्यातली गोष्ट. त्या शर्यतीतली त्यांची वेळ होती ३७.३३ सेकंद. एका शाळेत मी मुलांना डोळे मिटून सदतीस सेकंद गप्प बसवलं आणि म्हटलं, तेवढ्या वेळात फक्त हातांनी पाणी कापत जायचंय. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न आला, “मग पाय बुडत नव्हते का?” तुझी गोष्ट त्या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी. ‘जिद्दीचा महामेरू’ वगैरे शब्द सत्काराच्या भाषणांना राहू देत.

चिंचवडच्या चापेकर बंधूंवर लिहिताना मात्र जपून. घाबरून नाही, विचार करून. दामोदरपंतांना व्यायामाचं वेड, पोरं जमवून तालीम घ्यायचे. खेळ आणि इतिहास तिथे एकाच अंगणात भेटतात. पण २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, लेफ्टनंट आयर्स्टही मारला गेला आणि पुढे तिघे भाऊ फासावर गेले. आठ वर्षांच्या मुलाला हे सांगायचं की चौदा वर्षांच्या, ते आधी ठरव. मोठ्यांना सांगणार असशील तर प्लेग, घरात शिरणारे सोल्जर, लोकांचा संताप हे सगळं आधी येऊ दे. थेट हारतुऱ्यांवर उडी मारलीस तर मुलांना नुसती गोळी लक्षात राहते, कारण राहत नाही. आणि जे कागदोपत्री सापडत नाही ते ‘असं सांगतात’ म्हणूनच लिही. संवाद रचायचेच असतील तर कादंबरी म्हण, चरित्र म्हणू नकोस.

मुलांसाठी कसं लिहावं, ते भा. रा. भागवतांचं बघ. १९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि आपल्या गोष्टींत फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवून ठिकठिकाणी पाठवला. तो प्रतापगडावरही जातो आणि युद्धाच्या धामधुमीतही सापडतो. उपदेश मात्र करत नाही. तळेगावचे गो. नी. दांडेकर तर गडकिल्ले आधी पायांनी वाचायचे, मग लिहायचे. तुला संग्रामदुर्ग अर्ध्या तासावर आहे. निदान तटाचा दगड हाताला लागू दे.

आता पोटापाण्याचं. नोकरी सोडू नकोस. बालसाहित्यावर घर चालवणारी माणसं मराठीत फार थोडी. सकाळची शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळचा तास लिहिण्याचा, आणि त्यात पाहुणे, फोन काही नाही. सुरुवात मासिकांपासून कर. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय. जुने अंक चाळ, कुठल्या वयाला किती लांबीचं वाक्य झेपतं ते आपोआप कळेल. पुस्तकाचा योग आला की आनंदाच्या भरात सही ठोकू नकोस. हक्क किती वर्षांसाठी देतेस, अनुवाद आणि ऑडिओ कुणाचे, हे करारात लिहून घे. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पण पुढे वाद घालण्यापेक्षा आधी लिहिलेलं बरं. पैशाचं बोलायला लाजू नकोस. चित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून तूच आग्रह धर.

छापायला देण्याआधी गोष्ट मोठ्यांना दाखवू नकोस. ते “छान, छान” म्हणतात. तुमच्या चाळीतली, सोसायटीतली पोरं गोळा कर. कुणी बीडचं असेल, कुणी बिहारचं, कुणाचं मराठी अजून अडखळतं. त्यांना मोठ्याने वाचून दाखव. ज्या ओळीला कुणी चुळबुळ करायला लागेल, तिथे पेन्सिलीने खूण कर. मधेच कुणी प्रश्न विचारला तर वाचन थांबव आणि आधी तो लिहून घे.

फिरंगोजींची गोष्ट आता परत लिही. विशेषणं सगळी खोड, सुरुंगाला एक अख्खं पान दे आणि मग पाठव. तोवर मी काही कौतुक करणार नाही.