खाणावळीचे दार

आपण साताऱ्याहून सांगलीला निघतो. वाटेत कराडला भूक लागते. आपण खाणावळीत शिरतो. दरांची पाटी वाचतो, ताट मागतो. भाकरी येते, पिठलं येतं, पाण्याचा तांब्या येतो. जात कोणी विचारीत नाही. पण हे दार आपोआप उघडलेले नाही.

1901 सालची गोष्ट. भीमराव आंबेडकर तेव्हा लहान होते, साताऱ्यास राहात होते. वडील नोकरीसाठी खटाव तालुक्यात होते. त्यांना भेटायला घरची मुले निघाली. आगगाडीने मसूरला उतरली. पुढचा प्रवास बैलगाडीचा. जवळ शिदोरी होती, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही. पाण्यावाचून घास कसा उतरणार? मुले उपाशीच निजली. त्यांचा गुन्हा काय? तर जात!

पुढे हेच भीमराव राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. 26 जानेवारी 1950 ला घटना लागू झाली. तिच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. 15 वे कलम सांगते, दुकानात, हॉटेलात जातीवरून कोणाला अडवू नये. 1955 च्या कायद्याने शिक्षाही ठरवली. हॉटेलात येऊ न देणे हा गुन्हा. सर्वांसाठी ठेवलेली भांडी एखाद्याला वापरू न देणे, हाही गुन्हाच.

तेव्हा मंडळी, कोठे वेगळी कपबशी ठेवलेली दिसली, तर आपण गप्प बसू नये. कायदा कागदावर लिहिला आहे. तो गावात आणणे आपल्या हाती आहे.

आपल्या गावच्या हॉटेलात जाऊन पाहा. सगळ्यांना एकच कप आहे ना?