सणाची आरास आणि घरचे मांजर
(इयत्ता तिसरी ते पाचवी : परिसर अभ्यास)

भाद्रपदात महालक्ष्म्या घरी येतात तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत घराचे रूप तीन दिवसांपुरते पालटून जाते. चौकट उभी राहते, तिला साड्यांचा आडोसा होतो, मुखवट्यांवर दागिने चढतात आणि वर दोऱ्यांनी बांधलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा लोंबू लागतो. पुढे दिवाळीत ओट्यावर पणत्या लागतात व आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या वाऱ्यावर हालतात. घरातील माणसे ह्या शोभेकडे आनंदाने पाहत असतात. त्याच वेळी कोपऱ्यातील पोत्यावर बसलेले मांजरही तिच्याकडे पाहत असते. मात्र त्याच्या दृष्टीला तेथे हालणारी शेपटी दिसते, तळणाचा वास येतो आणि चढावयास एक नवी जागा मिळालेली असते. आरास म्हणजे काय हे मांजरास शिकविता येत नाही. परंतु मांजराचा स्वभाव मुलांना शिकविता येतो. प्रस्तुत पाठाचा हेतू एवढाच आहे.

हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात येते, कापसाची वेचणी चालू असते आणि पोत्यांमागोमाग उंदीरही येतात. अशा वेळी शेतकऱ्याच्या घरी मांजर हे निव्वळ कौतुकाचे जनावर राहत नाही. ते घरातील एक राबणारा जीव असते. शिवाय लहान मुलाच्या मनात दयाबुद्धी रुजते ती प्रथम हाताशी असलेल्या मुक्या जनावरामुळेच.

पूर्वतयारी

पाठापूर्वी तीन दिवस मुलांना निरीक्षणाचे काम द्यावे. घरचे अथवा शेजारचे मांजर दुरून पाहावे व पुढील गोष्टी वहीत लिहाव्यात : ते कोठे निजते? मोठा आवाज झाल्यावर कोठे पळते? हालत्या वस्तूपुढे काय करते? अंग कसे स्वच्छ करते? मांजरास मुद्दाम घाबरवू नये, पिलांना हात लावू नये, अशी ताकीद आधीच द्यावी. मुलांनी आणलेल्या ह्या नोंदींवरच पाठ उभारावयाचा आहे. नियम फळ्यावर लिहून पाठ करून घेतल्यास ते सणाच्या गडबडीत आठवत नाहीत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मात्र आठवते.

विषयविवेचन

१. दोरा. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणे त्यास कठीण जाते. तो आतच सरकत राहतो. रानातील कुसळ कपड्यात शिरले की एकाच दिशेने पुढे जाते, हा अनुभव प्रत्येक मुलास आहे. त्याची येथे आठवण द्यावी. नंतर फडक्याच्या एका पट्टीस लांब धावदोरा घालून दोऱ्याचे एक टोक मुलाच्या हाती द्यावे व दुसरे टोक ओढावे. पट्टीच्या चुण्या पडतात. दोऱ्याचे एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकले आणि उरलेला दोरा आतड्यात उतरला, म्हणजे मांजराच्या आतड्याच्या अशाच चुण्या पडतात व पुष्कळदा ते चिरले जाते. शस्त्रक्रिया न झाल्यास मांजर दगावते. फुलोऱ्याचा तूप-तेल लागलेला दोरा, महालक्ष्म्यांच्या तिसऱ्या दिवशीच्या सुताच्या गाठींतून उरलेले तुकडे, कंदिलाच्या झिरमिळ्या, चमकी, संक्रांतीचा मांजा हे सर्व ह्याच जातीचे धोके होत. उपाय सोपा आहे : फुलोरा उडीच्या टापूबाहेर उंच बांधावा आणि दोऱ्याचा प्रत्येक तुकडा त्याच दिवशी झाकणाच्या डब्यात टाकावा.

२. चढणे व पाडणे. युरोप-अमेरिकेत नाताळास घरात सूचिपर्णी झाड उभारतात. मांजर त्यावर चढते व झाड कलंडते. म्हणून जाणते लोक झाड दोरीने भिंतीस बांधतात आणि खालच्या फांद्यांवर काचेचे गोळे अथवा चमकी लावीत नाहीत. आपल्या जिल्ह्यातील ख्रिस्ती कुटुंबांस ही गोष्ट उपयोगी पडेल; महालक्ष्म्यांच्या चौकटीस आणि गणपतीच्या मखरासही तोच न्याय लागू आहे. चौकट खिळ्यास पक्की बांधावी व समई चौकटीच्या कापडापासून दूर ठेवावी. विजेच्या माळांच्या तारा पिले चावतात. म्हणून तार उंचावरून न्यावी आणि निजण्यापूर्वी बटण बंद करावे.

३. दिवे. जमिनीवरील पणतीजवळून जाताना मांजराची शेपटी ज्योतीवरून फिरते. पणती उलटते ती निराळीच. दाराच्या मध्यापेक्षा कोनाडा अथवा ओट्याची कड ही पणतीस योग्य जागा होय. घरात मांजर किंवा तान्हे मूल असल्यास पणती राखणीवाचून ठेवू नये.

४. आवाज. माणसास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मांजरास ६०,००० हून अधिक कंपनांचाही येतो. उंदराची बारीक चाहूल टिपणारा तो कान सुतळी बाँबच्या धडाक्याने किती व्याकुळ होत असेल ह्याची कल्पना मुलांनाच करू द्यावी. घाबरलेले मांजर घर सोडून पळते आणि वाट चुकते. निराळी खोली देणे सर्वांस शक्य नाही. शिक्षकांनी तसे सांगूही नये. खाटेखाली आडवी केलेली टोपली, तीत जुने पोते व जवळ पाण्याची वाटी एवढे एका खोलीच्या घरातही होऊ शकते. लपलेल्या मांजरास ओढून बाहेर काढू नये. रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळेत आवाजाचे फटाके वाजवू नयेत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिलेला आहे, हेही सांगावे.

५. फुले. मांजर अंग चाटून स्वच्छ करते, हे मुलांनी नोंदविलेले असेलच. त्यामुळे अंगास लागलेले सर्व काही त्याच्या पोटात जाते. काही भागांत गौरीपूजनात वापरली जाणारी कळलावी सर्वांगी विषारी आहे व तिचा कंद अधिकच घातक आहे. कण्हेर, पिवळी बिट्टी व धोतरा हीही विषारी झाडे होत. शहरातून येणाऱ्या पुष्पगुच्छातील मोठ्या पाकळ्यांच्या लिलीचे नुसते पराग चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ह्यांपैकी पूजेची फुले उंच पाटावर ठेवावीत, निर्माल्य झाकावे आणि लिली घरात आणूच नये. सणापूर्वी फिनेलने पुसलेली जमीन वाळेपर्यंत मांजरास आत येऊ देऊ नये.

अपघात झाल्यास

तोंडातून अथवा गुदद्वारातून दोरा लोंबत असल्यास तो ओढू नये, आतडे चिरते. भाजल्यास त्या जागेवर दहा मिनिटे गार पाणी हळूहळू सोडावे. तूप, हळद, मलम लावू नये, कारण मांजर ते चाटते. तार चावून चिकटले असल्यास आधी विजेचा मुख्य खटका बंद करावा. त्यापूर्वी हात लावू नये. विषारी वनस्पती खाल्ल्याचा संशय आल्यास त्या वनस्पतीची फांदी बरोबर घेऊन तत्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास विषासमान आहे. ती कधीही देऊ नये.

भेदरलेले मांजर चावते व बोचकारते. तसे घडल्यास मुलाने ते घरी लपवू नये. जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावी. पिसाळी रोगाची लस वेळेवर घेणे हाच त्यावर उपाय आहे. ही सूचना वर्गात दोनदा वदवून घ्यावी.

शिक्षकांस दोन सूचना

पहिली : सणावर अथवा देवपूजेवर टीका होते आहे असा ग्रह मुलांचा किंवा पालकांचा होऊ देऊ नये. आरास कमी करावयाची नाही. ती कोठे व कशी मांडावी एवढेच ठरवावयाचे आहे.

दुसरी : जनावराच्या शेपटीस फटाका बांधण्याचा प्रकार कोठे कोठे घडतो. वर्गात असे करणारा मुलगा असल्यास त्याचे नाव सर्वांसमक्ष घेऊ नये. त्यालाच मांजराच्या निरीक्षणाचे काम सोपवावे व त्याची नोंद प्रथम वाचून घ्यावी. ज्याने तीन दिवस एखाद्या जीवाचे निजणे, जागणे व भिणे पाहिले, त्याचा हात त्याच्यावर सहसा उठत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास १९६० च्या कायद्याने प्रतिबंध आहे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे १९७६ पासून संविधानातील मूलभूत कर्तव्य आहे, हे अवश्य सांगावे. पण ते शेवटी. कायद्याचे भय आधी आले तर दया मागे राहते.

दृढीकरणाचे प्रश्न

१. फडक्याच्या पट्टीस चुण्या का पडल्या? त्याचा मांजराशी काय संबंध आहे?
२. मांजराच्या तोंडातून लोंबणारा दोरा ओढू नये, असे का?
३. तुमच्या घरी पणती ठेवण्यास सर्वांत योग्य जागा कोणती? का?
४. मांजराने बोचकारल्यास प्रथम काय कराल?

उपक्रम

महालक्ष्म्यांपूर्वी व दिवाळीच्या सुटीपूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या घराचा साधा नकाशा काढावा. त्यात आरास, दिवे, तारा व मांजराच्या लपण्याची जागा दाखवावी आणि तो आईवडिलांना समजावून सांगावा. सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवशी पहिला तास ह्या नकाशांना द्यावा. कोणी काय बदलले, काय बदलता आले नाही आणि मांजर सणाचे दिवस कसे राहिले हे मुलांच्या तोंडून ऐकावे. ज्याच्या घरचे मांजर सुखरूप पोत्यावर निजलेले असेल, त्याच्या पाठाची परीक्षा झाली असे समजण्यास हरकत नाही.