निवडून आल्यानंतरचं काम

जबलपूरहून भेडाघाटला जाताना वाटेत तेवर लागतं. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ती हीच. धुवांधार गाठायच्या घाईत बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. पण मंडळाची, संस्थेची जबाबदारी नव्याने अंगावर घेणाऱ्याने त्रिपुरीच्या नावाने मार्च १९३९ मध्ये भरलेलं काँग्रेसचं अधिवेशन नीट समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. त्रिपुरी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. जानेवारीत त्यांनी पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं होतं. तरीही फेब्रुवारीत कार्यसमितीतल्या बहुतेकांनी राजीनामे दिले. अधिवेशनाला अध्यक्ष आले ते तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून; गांधीजी तेव्हा राजकोटला होते. कार्यसमिती गांधीजींच्या इच्छेनुसार नेमावी, हा गोविंद वल्लभ पंतांचा ठराव मंजूर झाला, पण समिती काही बनली नाही. एप्रिलअखेर बोस यांनी पद सोडलं.

मतांनी खुर्ची मिळते, माणसांचे हात मिळत नाहीत. कार्यक्रमावरचे मतभेद तर आधीपासून होतेच. तुटलं ते निवडणुकीच्या काळात. इंग्रजांच्या संघराज्य योजनेच्या प्रश्नावर ज्येष्ठ मंडळी त्यांच्याशी तडजोड करतील, असा संशय बोस यांनी जाहीरपणे व्यक्त केला आणि तो सहकाऱ्यांच्या जिव्हारी लागला. विनावेतन संस्थेत हे फार महागात पडतं, कारण तिथे माणूस केवळ मानावर टिकतो. गणेशोत्सव मंडळात हरलेला जुना खजिनदार राजीनामा देतच नाही. पावतीपुस्तकं आज देतो, उद्या देतो करत राहतो, भांड्यांच्या खोलीची किल्ली घरी विसरते, आणि मांडववाला फोन उचलतो तो त्याचाच. म्हणून प्रचारात धोरणावर हवं तितकं तुटून पडा, हेतूवर बोट ठेवू नका. निकालानंतर पहिल्या आठवड्यात हरलेल्यांच्या घरी जा, आणि जाताना नेमकं काम घेऊन जा: वर्गणी, रंगमंच, हिशेब तपासणी. ‘तुमचं सहकार्य असू द्या’ एवढ्यावर कुणी उठून कामाला लागत नाही.

दोष एकट्या बोस यांचा कसा, असं कुणी विचारेल. रास्त आहे. हरलेल्या बाजूनेही कौल मनाने स्वीकारला नाही; सीतारामय्यांचा पराभव हा त्यांच्यापेक्षा माझा, असं खुद्द गांधीजी म्हणाले. निवाडा इतिहासकारांनी करावा. मी एवढंच म्हणतो की पहिलं पाऊल खुर्चीवरच्यालाच टाकता येतं, आणि ते आजारपणात, तारा-पत्रांतून टाकणं फार अवघड असतं. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: सगळ्यांची मनं राखत बसलं तर बदल कधी होणार? मनधरणीलाही मुदत असावी. पंधरा दिवस वाट पाहा, काम नाकारलं तर बैठकीत तशी नोंद करा आणि नव्या माणसांना घेऊन पुढे निघा. फक्त त्याआधी शिल्लक रक्कम, पावत्या, भांडी, किल्ल्या यांची यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि तिची एक प्रत जुन्या खजिनदाराला स्वतः नेऊन द्या.