गोठ्यातील उवा आणि औषधाची दुसरी पाळी

चि. पुतण्यास,


गाई-म्हशींच्या उवा हिवाळ्यात वाढतात. थंडीत केस दाट होतात, जनावरे खेटून बांधली जातात आणि एकीच्या उवा दुसरीवर चढतात. उन्हाळ्यात कातडी तापते, तशा त्या कमी होतात. संपत मात्र नाहीत.

उवा दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार केस आणि कोंडा कुरतडतो, दुसरा रक्त शोषतो. रक्त शोषणाऱ्या उवांनी वासरे व रेडके फिकी पडतात, त्यांची वाढ खुंटते. जनावर खांबाला अंग घासू लागले, केसांचे चट्टे पडले, की उजेडात केस फाकून मान, पोळी, खांदे, पाठ आणि शेपटीचे मूळ पाहावे. लिखा केसांना चिकटलेल्या दिसतात.

गोचिडाची मादी खाली उतरून भिंतीच्या फटीत अंडी घालते, म्हणून गोचिडांसाठी गोठाही फवारावा लागतो. ऊ मात्र जन्मभर अंगावरच राहते. अंगावेगळी झाली तर बहुधा आठवडाभरात मरते. त्यामुळे तिचा बंदोबस्त अंगावरच करावा लागतो.

डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन पशुवैद्यकाने सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. पिकावरचे कीटकनाशक कधीही नाही. फवारणीआधी जनावराला पोटभर पाणी पाजावे आणि अंग सुकेपर्यंत मुसकी बांधावी, म्हणजे ते अंग चाटत नाही. दिवस उन्हाचा निवडावा. आयव्हरमेक्टिनचे कातडीखालचे इंजेक्शन रक्त शोषणाऱ्या उवांवर चांगले चालते, कुरतडणाऱ्यांवर कमी. दुभत्या जनावराला ते द्यायचे की नाही आणि दिल्यास दूध किती दिवस विकू नये, हे डॉक्टरांना आधी विचारावे.

बहुतेक औषधांनी लिखा मरत नाहीत. त्या साधारण एक ते दोन आठवड्यांत फुटतात आणि नव्या उवांना अंडी घालण्याजोगे व्हायला आणखी सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून 14 दिवसांनी दुसरी पाळी द्यावीच. पहिल्या फवारणीने खाज थांबते आणि दुसरी टाळली जाते; उवा पुन्हा होतात त्या यामुळेच.

दोन्ही पाळ्यांना दावणीतले प्रत्येक जनावर त्याच दिवशी घ्यावे, निरोगी दिसणारेही. एक सुटले तरी तेवढ्यावरून सगळ्यांना लागण होते. बाजारातून आणलेले जनावर दोन्ही पाळ्या होईपर्यंत वेगळे बांधावे. खरारा आणि झूलही तोवर इतरांना वापरू नये.

कळावे.
तुझा काका