अल्पकालीन परदेश-सेवा : वैद्यांनी घ्यावयाची दक्षता

परदेशी जाऊन आठ-पंधरा दिवस रुग्णसेवा करावी, अशी इच्छा अनेक वैद्यबंधू-भगिनी व्यक्त करतात. इच्छा स्तुत्य आहे. परंतु तीत कालाचा विचार प्रथम हवा. शेजारच्या नेपाळचे उदाहरण घेऊ.

१) अनुज्ञा : महाराष्ट्रातील नोंदणी तेथे पुरेशी नाही. नेपाळ आयुर्वेद चिकित्सा परिषदेकडे आगाऊ लेखी विचारणा करावी.

२) चिकित्सानिवड : विरेचनाचे गणित मांडून पाहावे. स्नेहपान कमाल ७ दिवस, नंतर अभ्यंग-स्वेदनासह ३ दिवस विश्राम, विरेचनाचा १ दिवस आणि प्रवर शुद्धीत संसर्जनक्रम ७ दिवस, एकूण १८. पंधरा दिवसांच्या मुक्कामात हे कर्म आरंभणे म्हणजे अग्नी मंद असलेल्या रुग्णास अर्ध्यावर सोडणे होय. म्हणून तेथे निदानपरिवर्जन, पथ्य व शमन यांवरच भर द्यावा.

३) औषधे : सोबत नेलेली औषधे संपताच चिकित्सा खंडित होते. यास्तव स्थानिक उपलब्ध कल्पच योजावेत. काठमांडूत सिंहदरबार वैद्यखाना ही शासकीय औषधनिर्मिती संस्था आहे. फार्मसीधारकांनी देणगीदाखल खोकी पाठविण्यापूर्वी घटकद्रव्ये तपासावीत. कुष्ठ हे 'साइटिस' कराराच्या पहिल्या, तर जटामांसी दुसऱ्या परिशिष्टात आहे. सीमेवर अडचण येऊ शकते.

४) हस्तांतरण : प्रत्येक रुग्णाचे निदान, कल्प, मात्रा, अनुपान व पुनर्तपासणीची तारीख लिहून तो कागद स्थानिक वैद्यांच्या स्वाधीन करावा. पुढील उपचार त्यांनाच करावयाचे असल्याने पहिल्या दिवसापासून त्यांच्या सल्ल्याने चालावे.

एवढी सिद्धता होत नसेल, तर प्रवास पुढे ढकलणे रुग्णहिताचे ठरेल.