तेंदूचा हंगाम आणि शोक

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडायला गावेच्या गावे पहाटे जंगलात शिरतात, आणि वाघाच्या हल्ल्यांतील अनेक मृत्यू याच दिवसांत, वाकून काम करणाऱ्या माणसांच्या वाट्याला येतात; 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी ठार झाल्या. ज्या कामावर गेलेला माणूस परतला नाही, त्याच कामावर उरलेल्यांचे पोट अवलंबून असल्याने येथील शोक हंगामाशी बांधला जातो, आणि तेरवी आटोपली की दुःखही आवरते, हा समज म्हणूनच घातक ठरतो.

मृत्यूची तिथी, ऋतू किंवा त्या काळातील काम पुन्हा समोर आले की शमलेले दुःख उसळते. अभ्यासक यास वर्षदिन-प्रतिक्रिया म्हणतात. तेंदूच्या बाबतीत ती एका दिवसात संपत नाही, कारण तोडून आणलेल्या पानांचे सत्तर-सत्तरचे पुडे घरातील सर्वांनी मिळून बांधायचे आणि फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे असतात, आणि दोन हात कमी झाल्याचे त्या मोजणीत रोज दिसते.

श्ट्रोबे आणि शूट यांनी 1999 मध्ये मांडलेल्या दुहेरी प्रक्रियेच्या सिद्धांतानुसार शोकग्रस्त माणूस कधी हानीकडे, तर कधी पुढच्या जगण्याकडे वळतो आणि ही ये-जा स्वाभाविक असते. त्यामुळे फळीवर हसणाऱ्या विधवेला निष्ठुर ठरवणे आणि घरात बसून राहणाऱ्या मुलाला आळशी म्हणणे, दोन्ही अन्यायाचे आहे. पहिल्या हंगामात जंगलात जायचे की नाही, हे ज्याचे त्याला ठरवू द्यावे, जाणाऱ्याला एकटे सोडू नये, आणि न जाणाऱ्याला पुडे बांधण्याचे काम देऊन मजुरीत वाटेकरी करावे. लहान मुलांना ‘आई गावाला गेली’ असे सांगू नये, कारण खरे कारण त्यांना शेजारून कळतेच आणि मग घरच्यांवरचाही विश्वास उडतो.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी राज्य शासन वारसांना जे अर्थसाहाय्य देते, त्याचा काही भाग मुदत ठेवीत ठेवला जातो. हाती येणाऱ्या रकमेबाबतही उसनवारी, जमीन-खरेदी किंवा लग्नखर्च यांचे निर्णय पहिले काही महिने टाळावेत, आणि वारस स्त्रीच्या सहीपूर्वी कागद तिला वाचून दाखवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सहा महिन्यांहून अधिक टिकणारा, रोजचे जगणे अडवणारा आणि समाजाच्या रीतीहूनही लांबलेला तीव्र शोक हा उपचारयोग्य विकार मानला आहे. तशी लक्षणे दिसल्यास, आणि जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असल्यास मुळीच वाट न पाहता, ग्रामीण रुग्णालयात जावे किंवा 14416 या टेली-मानस क्रमांकावर बोलावे.

तेरवीला सोयरे-धायरे येतातच; मात्र ज्यांना खरोखर आधार द्यायचा आहे त्यांनी पुढच्या वर्षी, फळी सुरू होण्याच्या आठवड्यात, त्या घरी मुक्कामाला जावे.