लॉस सँटोसमध्ये गाडी फिरवायला किती खर्च येतो?

‘ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह’ सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि आजवर त्याच्या २० कोटींहून अधिक प्रती खपल्या. एवढा जुना गेम आता घ्यावा का, असं लोक विचारतात. गेम स्वस्त आहे. महाग पडतं ते त्याच्या भोवतीचं सगळं.

आधी पैसे कशाचे देतोय ते पाहू. कथा मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर या तिघा गुन्हेगारांची आणि त्यांच्या दरोड्यांची. पण इतक्या वर्षांनीही लोक परत येतात ते नुसतं भटकायला. फ्रँकलिनची पांढरी बफेलो गाडी काढायची, मनासारखं गाणं लागेपर्यंत रेडिओची स्टेशनं बदलायची, व्हाइनवूडच्या टेकड्या उतरून किनाऱ्याला लागायचं आणि डाव्या हाताला समुद्र ठेवून थेट उत्तरेला पॅलेटो बे गाठायचं. लॉस सँटोस हे गेममधलं शहर लॉस एंजेलिसवर बेतलेलं, घडवलं मात्र एडिंबरातल्या रॉकस्टार नॉर्थनं. सिग्नल लाल झाला की बाकीच्या गाड्या थांबतात. आपण थांबायचं की नाही, ही आपली मर्जी. पोलिसांच्या गाडीला धडकलात की वरच्या कोपऱ्यात स्टार पेटतो आणि नकाशावर पोलिसांची नजर कुठवर पोचते ते दिसू लागतं. त्या नजरेतून निसटून एखाद्या बोळात गाडी दडवली की हळूहळू सगळं निवळतं. वळण अवघड असेल तर फ्रँकलिनला काळ संथ करता येतो. एकही मोहीम न घेता संध्याकाळ सहज निघून जाते.

ही सगळी मजा एकट्यानं खेळायच्या भागात आहे. तो भाग एकदा विकत घेतला की पुन्हा एक रुपयाही लागत नाही.

पीसीवर खेळणार असाल तर आधी स्वतःचं किंवा भावाचं एपिक गेम्सचं जुनं खातं उघडून बघा. मे २०२०मध्ये एपिकनं हा गेम फुकट वाटला होता आणि त्या गर्दीत त्यांची साइटच कोलमडली होती. तेव्हा घेऊन विसरलेले पुष्कळ आहेत. तसं नसेल तर सेलची वाट पाहा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात वर्षातून अनेकदा निम्मी किंवा त्याहून जास्त सूट मिळते आणि मल्टिप्लेक्सच्या दोन-तीन तिकिटांच्या पैशांत काम होतं. पूर्ण किमतीला घ्यायची घाई कशाला? मशीनवर चालेल की नाही अशी शंका असेल तर स्टीमवरूनच घ्या. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत मागितले आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. अनोळखी विक्रेत्याकडून निम्म्या भावात ‘अकाउंट’ मात्र घेऊ नका. मूळ मालकानं पासवर्ड बदलला की दाद कुणाकडे मागणार?

आता मशीन. पीसीवर दोन आवृत्त्या आहेत. २०१५ची जुनी आवृत्ती ८ जीबी रॅम आणि साध्या ग्राफिक्स कार्डवरही नीट चालते. मार्च २०२५मध्ये आलेली ‘एन्हान्स्ड’ आवृत्ती जुन्या ग्राहकांना फुकट मिळाली, पण तिला १०५ जीबी मोकळी एसएसडी आणि किमान ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. नवा गेमिंग लॅपटॉप साठ-सत्तर हजारांच्या खाली सहसा मिळत नाही. केवळ या गेमसाठी तो घेणं मला पटत नाही. घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर जुनी आवृत्ती लावा, समुद्र तिथेही तितकाच निळा दिसतो.

डाउनलोडचा हिशेब आधीच मांडा. रोज दीड जीबी डेटावर १०५ जीबी उतरायला ७० दिवस लागतील. १०० एमबीपीएसच्या फायबरवर सगळं सुरळीत असेल तर अडीच तासांच्या आत काम होतं.

एक खर्च मात्र मी आवर्जून करायला सांगेन, तो कंट्रोलरचा. कीबोर्डवर ‘डब्ल्यू’ दाबलं की पूर्ण वेग, ‘ए’ दाबलं की पूर्ण वळण. अधलंमधलं काही नाही. कंट्रोलरचा ट्रिगर मात्र हलकेच दाबता येतो आणि तेव्हा कुठे गाडीचं वजन हाताला कळतं. वायरवाला साधा कंट्रोलर हजार-दीड हजारात येतो. स्टीअरिंग व्हीलच्या नादाला लागू नका. त्यासाठी बाहेरचे मॉड बसवण्याची खटपट करावी लागते.

कन्सोलवाल्यांसाठी डिस्क सोयीची, कारण कंटाळा आला की विकता येते. डिस्कसाठी खाच नसलेल्या डिजिटल प्लेस्टेशनवर हा मार्ग बंद. पीएस फाइव्ह दोनेकशे वॉट खातो असं धरलं, तर रोज दोन तास खेळून महिन्याला १२ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी सव्वाशेच्या आतच.

मग पैसा जातो कुठे? ‘जीटीए ऑनलाइन’ या इंटरनेटवर इतरांसोबत खेळायच्या भागात. पीसीवर तो गेमसोबतच मिळतो, प्लेस्टेशनवर त्यासाठी पीएस प्लसची वर्गणी भरावी लागते. खरी गळती ‘शार्क कार्ड’ची आहे. खरे पैसे देऊन खेळातले डॉलर घ्यायचे, असा तो मामला. सगळ्यांत मोठं मेगालोडॉन कार्ड अमेरिकेत १०० डॉलरला मिळतं आणि त्यात खेळातले १ कोटी मिळतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण ‘ऑप्रेसर मार्क टू’ ही उडती मोटरसायकल एकटीच ८० लाखांची आहे! हेच पैसे खेळून कमावता येतात. २२ लाखांची कोसात्का पाणबुडी घ्या आणि कायो पेरिकोचा दरोडा पुन्हा पुन्हा टाका, म्हणजे खिशाला हात लावावा लागत नाही. मुलांच्या हातात गेम देणार असाल तर खात्याला कार्ड जोडूच नका. तसाही युरोपात याला १८ वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे आणि तो उगाच नाही. हाणामारी, शिवीगाळ, अमली पदार्थ, सगळं यात आहे.

मोबाइलवर ‘जीटीए फाइव्ह’ची एपीके फाइल देतो म्हणणारा प्रत्येक जण फसवतोय. रॉकस्टारनं हा गेम मोबाइलसाठी काढलेलाच नाही.

पुढच्या भागासाठी रॉकस्टारनं १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे, पण ती फक्त पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सीरिजची. पीसीची तारीख त्यात नाही. त्यामुळे सहाव्या भागाच्या आशेनं आज महागडं ग्राफिक्स कार्ड घेण्यात अर्थ नाही, आणि कन्सोल घ्यायचाच असेल तर डिस्कवाला घ्या.